नोवाक म्हणजे नवा

आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर पहिल्या भेटीत कोणाला नाव विचारत नसत. आडनाव विचारत. तेही नमस्कार व्हायच्या आधी. मी रसायनशास्त्र शिकवायला जुन्या जालन्यातल्या त्या ज्युनिअर कॉलेजात रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात एक ठेंगणे गृहस्थ हातात छत्री घेऊन उभे होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी छत्री दारात आडवी धरली.

"आडनाव?"

मी सांगितलं.

"हे सासरचं झालं. माहेरचं?"

मी तेही सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग छत्री बाजूला घेतली. "या, बसा. तुमच्या माहेरचे लोक पूर्वी कोणाच्या तरी पागेत होते. घोडी राखायचे. तुम्हाला घोड्यावर बसता येतं?"

मला स्कूटीवर बसता येत होतं, तेही नीट नाही. सरांना हे अजिबात आवडलं नाही.

आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून शहाणी माणसं ते आडून विचारतात. गाव कोणतं, गावात घर कोणत्या अंगाला, अमुक तमुक तुमचे पाहुणे लागतात का. सर सरळ विचारायचे. कंडक्टरला, भाजीवालीला, बोर्डाच्या परीक्षेला आलेल्या भरारी पथकाला. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी आणि आमचे ग्रंथपाल त्यांना नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी नाडी धरली, तर सरांनी उलट डॉक्टरांचं मनगट धरलं.

"साहेब, आडनाव?"

"बाहेर पाटीवर आहे की."

"पाटीवर इंग्रजीत है. पारेख का पारखे?"

"पारखे."

"वा! मंग तुमचे लोक नाणी पारखायचे. खोटा रुपया नुसत्या आवाजावरून वळखायचे. आता तुम्ही जिभा पारखता. धंदा तोच है, माल बदलला." एवढं बोलून त्यांनी आपली जीभ बाहेर काढली. डॉक्टर इतके खूश झाले की बाहेर रांग लागलेली असताना त्यांनी आजोबांपर्यंतची सगळी हकिकत सांगितली. सरांचा ताप तिथेच उतरला, असं ग्रंथपाल सांगतात.

सर म्हणायचे, "आडनावं तीनच जातीची असतात. गाव, धंदा आणि शेजाऱ्याची जीभ. चौथी जात न्हाई." गावावरून पडलेली आडनावं त्यांना साधी वाटत, धंद्यावरची कामाची. खरं प्रेम तिसऱ्या प्रकारावर. कोणा खापरपणजोबाचं पोट सुटलं होतं, कोणाच्या दारात भोपळ्याचा वेल होता, कोणी एकदाच उंदराला भिऊन पळाला होता, आणि शेजाऱ्यानं चेष्टेनं जे म्हटलं ते पिढ्यान्‌पिढ्या घराला चिकटलं. "राजे गेले, वतनं गेली, ह्या एका शेजाऱ्याची चेष्टा राह्यली. सांगा, कोण मोठा?"

मोठेपणाचं त्यांना वावडं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी स्मरणिकेसाठी आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला सरांना सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना आधीच हात जोडले होते. सरांनी दीड पान लिहून दिलं. त्यात अध्यक्षांच्या आडनावाचा संबंध एका भाजीशी होता. अध्यक्षांनी विचारलं, "ह्यात तलवार कुठं आली न्हाई का सर?" सर म्हणाले, "विळी आलेली है. तीन नंबरच्या परिच्छेदात." स्मरणिका निघाली तेव्हा त्या जागी संस्थेच्या इमारतीचा फोटो होता.

आणि ह्याच माणसाच्या वर्गात हजेरी व्हायची ती फक्त पहिल्या नावानं. दोन संदीप असले तर संदीप मंदाबाईचा आणि संदीप शांताबाईचा. आडनाव उच्चारायचं नाही. कोणी नव्या पोरानं उभं राहून पूर्ण नाव सांगितलं, तर सर दाराबाहेर बोट दाखवायचे. "ते तिथं ठेवायचं. चपलांसंगं. जाताना ज्याचं त्यानं घालून जायचं."

मला ह्या दोन गोष्टींचा मेळ बरेच दिवस लागेना. सरांचं स्वतःचं आडनाव एका गावावरून पडलेलं होतं, पुढे 'कर' लावलेलं. कोणी विचारलं की ते त्या गावाची हद्द, ओढा, माती, पीकपाणी असं काही लांबण लावायचे की विचारणारा कंटाळून जायचा. एकदा डबा खाताना मी म्हटलं, "सर, तुम्हाला एवढी हौस कशी लागली?"

त्यांनी भाकरीवर कांद्याची पात ठेवली, घास केला, सावकाश चावला.

"शाळेत मास्तर माझं आडनाव घ्यायच्या आधी थोडं थांबायचे, मॅडम. बाकीच्यांचं घडाघडा वाचायचे. माझ्यापाशी आले की थांबायचे. मंग वडलांनी आडनाव बदलून गावाचं लावलं. तरी लोक विचारायचे, आधीचं काय होतं? मंग मी ठरवलं, आपणच पहिल्यांदा विचारायचं. समोरचा आपलं कुळ सांगण्यात इतका गुंगतो की आपल्याला विचारायचं विसरतो." ते हसले. "आधी ढाल म्हणून हातात घेतलं. मंग त्याची गोडीच लागली. आता सुटत न्हाई."

त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला तो त्यांच्या जन्माआधी. हे त्यांनी लपवलंही नाही आणि कधी मुद्दाम सांगितलंही नाही.

नोवाक हे आडनाव त्यांच्या आयुष्यात आलं ते माझ्यामुळे. माझी थोरली बहीण घनसावंगीजवळ दिलेली. दाजींचा ऊस, कापूस, दावणीला जनावरं. गावात सगळे त्यांना पाटीलच म्हणतात. त्यांचा एकुलता एक सुमित आमच्याच कॉलेजातून बारावी झाला, पुढे इंजिनिअर झाला आणि कंपनीच्या कामासाठी पोलंडला गेला. पोझनान नावाच्या शहरात. तिथे दोन वर्षं झाल्यावर त्यानं मला फोन केला.

"मावशी, आईला तू सांग. मी लग्न ठरवलंय."

"कोणाशी?"

"माग्दाशी. आमच्याच ऑफिसात आहे. माग्दा नोवाक."

मी फोनवर ताईला सांगितलं. ताई चुलीपुढे होती का शिलाईमशीनवर होती ते आता आठवत नाही. ती म्हणाली, "पोरगं आता येत न्हाई बाई परत." तिला तेवढंच कळलं होतं. दाजींना मात्र दुसरंच काही कळलं. त्यांनी फोन ताईकडून घेतला. "कोणाची है ती? नोवाक का फोवाक, ते काय घराणं है? उद्या भावकीत काय सांगू मी?"

मी काहीतरी थातुरमातुर बोलले. तेव्हा दाजींनीच सरांचं नाव काढलं. "तुमचे ते आडनाववाले सर हैत ना? त्यांला विचारा. सुमितच्या टायमाला मी त्यांला भेटलेलो है. मानूस तोंडावर बोलतो, पण खरं बोलतो. त्यांनी घराणं बरं है म्हणलं, तर मी इचार करीन."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सरांपुढे ते नाव ठेवलं. सर खुर्चीतून उठले.

"पोलंडचं? अजून एकदा म्हणा."

"नोवाक."

"हं." त्यांनी छत्री घेतली आणि तास नसताना निघून गेले.

पुढचे काही दिवस कॉलेजात दुसरा विषयच नव्हता. सरांनी मोबाईलवर पोलंडचा नकाशा उघडून ठेवला होता. तो ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना दाखवत. "हे बघा, सगळा देश लाल. जिथं तिथं नोवाक. त्या देशात पहिल्या नंबरचं आडनाव. त्याच्या खाली कोण? कोवाल्स्की. म्हणजे लोहाराचा. गंमत बघा, कोवाल्स्कीची बहीण कोवाल्स्का होते. आडनावाला लिंग असतं तिथं! पण नोवाकची बहीण नोवाकच." शेजारच्या चेक देशातही तेच आडनाव पहिलं आणि स्लोव्हेनियातही तेच, हे कळल्यावर तर त्यांनी वर्गात अक्षांश-रेखांश बाजूला ठेवून पूर्ण तास नोवाकवर घेतला.

अर्थ सापडला तेव्हा मात्र त्यांनी लगेच सांगितला नाही. उच्चार सारखे म्हणून नाती जोडणाऱ्या लोकांचा त्यांना राग होता. चार ठिकाणी पडताळून पाहिल्यावर एका दुपारी ते प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, पोलिश भाषेत 'नोवी' म्हणजे नवा. आन आपला नवा आणि त्यांचा नोवी, हे खरेच भाऊ हैत. आवाजाचे न्हाई, रक्ताचे. एकाच मुळातले."

"म्हणजे नोवाक..."

"म्हणजे नवा. गावात नवीन आलेला."

मी हातातली परीक्षानळी ठेवली. दाजींना काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं, आणि हे ते नव्हतं.

सुमित माग्दाला घेऊन आला तेव्हा आधी माझ्याकडेच उतरला. उंच, केस अगदी पिकल्या ज्वारीच्या रंगाचे, आणि भाजी तिखट लागली की डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसणारी पोरगी. सर भेटायला आले. सुमितनं त्यांच्या पायाला हात लावला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"सर, एक काम करा. बाबांना सांगा, हे सरदारांचं आडनाव आहे. तिकडच्या राजाच्या पदरी होते, असं काहीतरी. तिथं कोण बघायला जाणार आहे?"

मीही म्हटलं, "सर, एका शब्दाचा प्रश्न आहे. पोरांचं भलं होईल."

सरांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माग्दाच्या हातावर ठेवली. मग सुमितकडे बघितलं. "मी आजवर कोणाला खोटं कुळ दिलं न्हाई. अध्यक्षाला दिलं न्हाई, तर तुझ्या बापाला कसं देऊ? आन समज दिलं. तुझी बायको जन्मभर त्या घरात सरदाराची लेक म्हणून वावरंल. रोज खोटं बोलंल, तेही दुसऱ्याच्या भाषेत. तिला विचारलंस का तू?"

सुमितनं विचारलं नव्हतं.

रविवारी आम्ही चौघं जीपनं निघालो. अंबडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला तशी माग्दा खिडकीला चिकटली आणि सुमितला काही काही विचारत राहिली. त्याला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. मी सरांकडे बघत होते. ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दोन्ही गुडघ्यांमध्ये छत्री धरून बसले होते आणि ड्रायव्हरच्या आडनावाचा उगम सांगत होते.

ताईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. माग्दाचा हात तिनं धरला तो सोडेचना. तिला पोरीशी बोलता येत नव्हतं, म्हणून नुसता हात धरून बसली. चहा आला. ट्रे सरांपुढे गेला तशी माझी नजर आपोआप कपांवर गेली. सर माझ्या कानाशी वाकले. "सगळे एकाच सेटचे हैत, मॅडम. मी पण बघितले."

दाजी समोरच्या पलंगावर बसले होते. कप खाली ठेवून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"सर, मी आडानी मानूस. एकच इचारतो. हे नोवाक म्हंजी मोठ्या घरचं है का?"

सुमितनं मान खाली घातली. सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला.

"न्हाई."

दाजींनी ताईकडे बघितलं, पण सर पुढे बोलतच राहिले.

"पाटील, आपल्याकडं जशा बाभळी, तसे तिकडं नोवाक. देशात सगळ्यात जास्त. लाखांनी हैत. अर्थ साधा है. पूर्वी कोणी मानूस पोटासाठी दुसऱ्या गावात जायचा. गावाला त्याचं नाव गाव काही माहीत नसायचं. गाव म्हणायचं, तो नवा. त्याला लेकरं झाली, ती पण नव्याची. नातवंडं तिथंच जन्मली, तिथंच राबली, तरी नवीच. असं ते आडनाव पडलं. काही जण नवा धर्म घेऊन आले, त्यांलाही नोवाक म्हणलं गेलं."

सरांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. मग त्याच आवाजात म्हणाले, "आम्हाला फॉर्मवर नवबौद्ध लिहितात. माझ्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी जन्माला आल्तो न्हाई. आता मी आजोबा झालो. अजून नवच. म्हणून हे आडनाव मला परकं वाटत न्हाई, पाटील. तिथं जन्मलो असतो तर मी बी नोवाकच असतो."

दाजींनी कप उचलला, रिकामा बघून परत ठेवला.

"म्हंजी घराणं न्हाई."

"घर है. घराणं न्हाई."

दाजी उठले, पायात चपला अडकवल्या आणि मागच्या दारानं शेताकडे गेले. ताईनं तोंडाला पदर लावला.

सुमितचा बांध फुटला. "सर, तुम्हाला काय कमी पडलं असतं? बाबांनी ठरवलं की ठरवलं! आता ते कधी हो म्हणणार नाहीत."

"मोडायचं असंल तर माझ्या खऱ्यानं मोडू दे," सर म्हणाले. "माझ्या खोट्यावर जमलेलं तुला पुरणार न्हाई." आवाज पक्का होता, पण त्यांनी चहा संपवला नव्हता.

माग्दानं सुमितला विचारलं, काय झालं? त्यानं आढेवेढे घेत सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं सरांकडे बघून मान हलवली, बरोबर बोललात, अशी. आणि इंग्रजीत सुमितला म्हणाली, "तुझे वडील कुठे गेले? मला तिथे जायचंय." सुमित म्हणाला, आत्ता नको. तोवर ती ताईच्या चपला घालून मागच्या दाराबाहेर पडली होती.

मग काय, ती पुढे, मागे सुमित, त्याच्या मागे मी, आणि सगळ्यात मागे छत्री उघडून सर, अशी वरात बांधावरून निघाली. दाजी उसाला पाणी देत होते. म्हणजे पाणी चालूच होतं, ते नुसते पाटाकडे बघत उभे होते. माग्दा त्यांच्यापासून थोडी दूर थांबली. उसाच्या एका कांडीवरून तिनं हात फिरवला आणि सुमितला काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतीय," सुमित पुटपुटला, "तिचे आजोबा पण साखरच पिकवायचे."

दाजींनी मान वळवली नाही. "तिकडं ऊस होतो व्हय?"

"नाही. ते... काय म्हणतात त्याला..." सुमित अडला.

सर मागून म्हणाले, "बीट. आपलं लाल बीट असतं, त्याचा पांढरा भाऊ. जमिनीत येतो, मुळ्यावानी. त्याच्यापासून साखर काढतात."

"कंदाची साखर?" आता दाजी वळले. "किती म्हैन्याचं पीक है?"

सुमितनं विचारल्यावर माग्दानं बोटं दाखवली. सहा. मग सातवं अर्धवट उघडलं.

"सात म्हैन्यात साखर!" दाजींनी कपाळावर हात मारला. "आन आमचा आडसाली ऊस दीड वरीस रानात उभा. तोडनीला टोळी लागती का?"

मशीननं काढतात, पण तिचे आजोबा तरुणपणी हातानं काढायचे, थंडीत, बोटं फुटायची. महायुद्धानंतर देशाच्या हद्दी सरकल्या, तेव्हा आजोबांना आपलं गाव सोडून यावं लागलं. नव्या गावात जमीन मिळाली ती दुसऱ्यांची होती. ते लोकही तिथून निघून गेले होते. घरात त्यांची भांडी तशीच होती. आजोबा म्हणायचे, पहिल्या वर्षी मी त्या जमिनीत चोरासारखा पेरत होतो. पुढे तिथेच म्हातारे झाले. सुमित सांगत होता, आणि शेतीचा शब्द अडला की सर मागून पुरवत होते.

दाजी पाटाच्या कडेला बसले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की जो फक्त ऊसवालाच विचारू शकतो.

"कारखाना वजनात मारतो का?"

सुमितनं सांगितल्यावर माग्दा मोठ्यानं हसली. हातांनी कंदावरची माती झाडल्यासारखं करून दाखवलं. माती लागलीय म्हणून वजन कापतात. आणि किती कापायचं ते त्यांनीच ठरवायचं.

दाजींनी मांडीवर थाप मारली. "तिथं बी! ऐकलं का सर? तिथं बी हेच!"

"सगळीकडं हेच है, पाटील."

पुढे तासभर आम्ही तिथेच होतो. मला उसातलं काही कळत नाही, बिटातलं त्याहून नाही. मी छत्रीच्या सावलीत उभी होते. परत येताना दाजी सरांच्या बरोबरीनं चालत होते. एकदम म्हणाले, "आमच्या आडनावाचं काय सर? तुम्हाला ठाव असंल."

"तुमच्या घरात काय सांगतात?"

"म्हातारी सांगायची, आमचे मूळपुरुष दुष्काळात नदीपलीकडून आल्ते. एक बैल वाटंतच मेला. त्याच्या जागी बायकोला जुपलं. गावानं नदीकडची पडीक रानं दिली." दाजी हे सांगता सांगता थांबले. सरांनी छत्री थोडी दाजींच्या बाजूला कलती केली.

त्या दिवशी दाजींनी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. निघताना जीपमध्ये उसाची एक मोळी टाकली, तेवढंच. होकार आला तो महिन्यानं, तोही ताईकडून, तोही असा की, "मंडपवाल्याला इसार दिलाय त्यांनी. मला बी आजच कळलं."

लग्न घनसावंगीलाच झालं, भर दुपारी. माग्दाचे आईवडील आले होते. वडिलांना फेटा इतका आवडला की ते तो जेवतानाही काढेनात. आई निळ्या साडीत, निऱ्या दोन्ही हातांनी धरून. मुलीकडून एवढेच दोघं. सर आमच्या स्टाफबरोबर मागच्या रांगेत बसले होते, कूलरजवळ, आणि साऊंडवाल्याचं आडनाव काढून घेत होते.

सुमित पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी माईकवरून नेहमीप्रमाणे पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं." आणि थांबले.

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माग्दाच्या आईला भाऊ नव्हता. गुरुजींनी पुन्हा पुकारलं. भावकीतला एक जण म्हणाला, "आपल्यातलंच कोणी बी घेऊन या की." दुसरा उठायलाही लागला. दाजींनी त्याला हातानं बसवलं आणि स्वतः गुरुजींच्या हातून माईक घेतला.

"सर कुठं हैत?"

माना वळल्या. सर आधी आपल्या मागे बघायला लागले, दुसरा कोणी सर आहे का म्हणून.

"सर, तुम्ही या," दाजी माईकवरच म्हणाले. "पोरीच्या बाजूनं खरं बोलणारे तुम्हीच एकटे होता. मामाचं काम दुसरं काय असतं?"

माझ्या पुढच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, हे कोण? शेजाऱ्यानं सरांचं आधीचं आडनाव सांगितलं. दोन-तीन जण उठून जेवणाच्या मांडवाकडे गेले. भूक लागली असेल. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि माईक तसाच हातात धरून उभे राहिले, सर उठेपर्यंत.

सर उठले. छत्री त्यांनी माझ्याकडे दिली. खोलीतून माग्दाला घेऊन ते बाहेर आले, तेव्हा पिवळ्या शालूतली ती उंच पोरगी आणि तिच्या खांद्याला लागणारे सर असे दोघं भर मांडवातून मधल्या वाटेनं चालत गेले. ताई रडत होती. माग्दाच्या आईनं निऱ्या सोडून हात जोडले. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर नवा होता, पण सरांनी त्याला आडनाव विचारलं नाही. अंबड गेलं, जालन्याचे कारखाने दिसायला लागले. मला राहवेना. म्हटलं, "सर, बरं वाटत नाहीये का?"

"बरं है, मॅडम." मग म्हणाले, "खोलीतून निघताना मी पोरीचा हात धरला. तिला इंग्रजीत म्हणलं, घाबरू नको, सगळी आपलीच मानसं हैत."

"मग?"

"ती म्हणाली, सर, थरथरतोय तो तुमचा हात."

आणि ते खिडकीबाहेर बघत हसायला लागले.